पशुदवाखान्यातल्या भुलीच्या ट्यूब, मास्क आणि सर्किट कसे स्वच्छ करावेत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दवाखान्यात रोज चार-पाच शस्त्रक्रिया होतात. वापरलेली ईटी ट्यूब (भूल देताना श्वासनलिकेत घालायची नळी) नळाखाली धरायची, क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाच्या बादलीत टाकायची आणि पुढच्या पेशंटच्या वेळी तिथूनच काढून, झटकून वापरायची, अशी पद्धत आहे. बादलीतलं द्रावण आठवड्यातून एकदा बदलतं. गेल्या महिन्यात नसबंदीनंतर तीन मांजरी त्याच संध्याकाळी खोकू लागल्या. म्हणून तुम्ही विचारताय की क्लोरहेक्सिडीन कमी पडतंय का, ग्लुटराल्डिहाइड हे जास्त कडक जंतुनाशक आणावं का, आणि मास्क, सर्किट (मशीनपासून पेशंटपर्यंतच्या श्वासाच्या नळ्या), लॅरिंगोस्कोप (घशात बघायचं दिव्याचं उपकरण) यांचं काय करावं.

ग्लुटराल्डिहाइड आणू नका. निदान या कारणासाठी तरी नको.

तुमच्याच वाक्यातले ‘त्याच संध्याकाळी’ हे शब्द पुन्हा वाचा. ट्यूबवरून बोर्डेटेला जिवाणू किंवा कॅलिसिव्हायरस, हे श्वसनरोगाचे जंतू, एका मांजरीतून दुसरीत गेला, तरी लक्षणं दिसायला साधारण २ ते १० दिवस लागतात. शस्त्रक्रियेनंतर चार-सहा तासांत सुरू झालेला खोकला संसर्गाचा असण्याची शक्यता फार कमी. तो एकतर ट्यूब घालताना झालेल्या इजेचा असतो, कफ (ट्यूबच्या टोकाजवळचा हवेने फुगणारा फुगा) जास्त फुगवल्याचा असतो, किंवा ट्यूबवर राहिलेल्या रसायनाचा. बादलीतून थेट काढून झटकलेल्या ट्यूबच्या आतल्या बाजूला आणि कफच्या घड्यांमध्ये जंतुनाशक असतंच. ते तासभर श्वासनलिकेच्या नाजूक आवरणाला चिकटून राहतं. क्लोरहेक्सिडीनच्या जागी ग्लुटराल्डिहाइड आलं आणि धुण्याची पद्धत हीच राहिली, तर खोकल्याऐवजी श्वासनलिकेला रासायनिक भाजणं झालेलं बघाल. रबर आणि प्लास्टिक ग्लुटराल्डिहाइड शोषून घेतात आणि नंतर हळूहळू सोडतात. शिवाय त्याच्या वाफेने धुणाऱ्या माणसाचे डोळे चुरचुरतात, काहींना दम्यासारखा त्रास होतो. हवा खेळती नसलेल्या धुण्याच्या खोलीत ते ठेवणं मला कधीच पटलेलं नाही.

तेव्हा द्रव कोणता हा प्रश्न थोडा बाजूला ठेवू. तुमच्याकडे द्रवाच्या आधीचं धुणं आणि नंतरचं विसळणं-वाळवणं, या दोन्ही गोष्टी जवळजवळ होतच नाहीत.

काय किती स्वच्छ हवं, याची एक जुनी आणि अजूनही उपयोगी विभागणी आहे. अर्ल स्पॉल्डिंग यांनी १९६८ मध्ये मांडलेली. जी वस्तू शरीराच्या निर्जंतुक भागात जाते ती पूर्ण निर्जंतुक हवी. जी श्लेष्मल त्वचेला लागते तिला उच्च दर्जाचं जंतुनाशन हवं. जी फक्त धड कातडीला लागते तिला साबण-पाणी आणि साधं जंतुनाशक पुरतं. ट्यूब, लॅरिंगोस्कोपचं ब्लेड, अन्ननलिकेत घालायचा तापमानाचा प्रोब हे सगळे मधल्या गटात येतात. याच गटात पल्स ऑक्सिमीटरची जिभेवरची क्लिपही येते, आणि ती जवळजवळ सगळीकडे विसरली जाते. दिवसभर एका जिभेवरून दुसऱ्या जिभेवर जाते, फार तर कापसाने पुसली जाते. ट्यूबबद्दल एवढी काळजी करून ती क्लिप तशीच ठेवली, तर केलेल्या कष्टांवर पाणी पडलं म्हणायचं.

आता ट्यूब. ती काढल्यावर लगेच, लाळ आणि चिकटा वाळायच्या आत, थंड किंवा कोमट वाहत्या पाण्याखाली धरायची. गरम पाणी नको, त्याने रक्तातली आणि लाळेतली प्रथिनं गोठून आतल्या भिंतीला चिकटून बसतात. लगेच धुणं जमणार नसेल तर साध्या पाण्याच्या किंवा एन्झाइम डिटर्जंटच्या टबमध्ये बुडवून ठेवा. हा टब जंतुनाशकाचा नसावा. लाळ-रक्त असलेल्या ट्यूब जंतुनाशकात टाकल्या की ती घाण द्रावणाची ताकद खाऊन टाकते आणि ते द्रावण पुढच्या ट्यूबसाठी निकामी होतं. तुमच्या बादलीत आठवड्याच्या शेवटी नक्की काय उरतं, त्याचा अंदाज येईल.

धुताना १५ मिलिमीटरचा कनेक्टर, म्हणजे ट्यूब सर्किटला जोडणारा तुकडा, ट्यूबमधून काढा. बहुतेक ठिकाणी तो कधीच काढला जात नाही. एखादी वर्षभर वापरलेली ट्यूब घेऊन कनेक्टर उपसून बघा, त्याखाली पिवळसर चिकट कडं दिसेल. तो जिवाणूंनी स्वतःभोवती विणलेला थर असतो, बायोफिल्म. त्याच्या आतल्या जंतूंपर्यंत जंतुनाशक पुरेसं पोचत नाही, तो घासूनच काढावा लागतो. दुसरी जागा म्हणजे टोकाजवळचं मर्फी आय, ते बाजूचं भोक. तिसरी, कफ जिथे ट्यूबला चिकटवलेला असतो त्या दोन्ही कडा. कफ थोडा फुगवून धुतला की घड्या उघडतात आणि कडा नीट घासता येतात. पण पायलटच्या फुग्याच्या (कफमध्ये हवा भरायच्या बारीक नळीच्या टोकावरचा छोटा फुगा) झडपेत पाणी जाऊ देऊ नका. त्या फुग्यात पाण्याचा थेंब हलताना दिसला तर ती ट्यूब बाद करा, तो थेंब आता कधीच बाहेर येणार नाही.

आतून घासायला ट्यूबच्या मापाचा ब्रश हवा. मांजरीची ३.५ किंवा ४ मिलिमीटरची ट्यूब आणि मोठ्या कुत्र्याची ११ची ट्यूब एकाच ब्रशने धुता येत नाही. बारीक ट्यूबमध्ये जाड ब्रश कोंबला की आतल्या भिंतीवर ओरखडे पडतात, आणि पुढच्या खेपेला चिकटा तिथेच धरतो. ब्रश एका टोकातून घालून दुसऱ्या टोकातून पूर्ण बाहेर काढायचा, पाण्याखाली, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. दिवस संपला की ब्रशही धुऊन, जंतुनाशकात बुडवून वाळवायचे. सिंकच्या कडेला ओला पडलेला ब्रश म्हणजे उद्याच्या सगळ्या ट्यूबवर आजची घाण.

डिटर्जंटनंतर खळखळून विसळा. इथे आळस केला की दुहेरी नुकसान होतं. क्लोरहेक्सिडीन हे धनभारित रसायन आहे आणि साधा साबण, बरेचसे डिटर्जंट हे ऋणभारित. दोघं एकत्र आले की एकमेकांना निकामी करतात. म्हणजे साबणाचा अंश राहिलेली ट्यूब तुम्ही क्लोरहेक्सिडीनमध्ये बुडवता तेव्हा बराच वेळ नुसत्या पाण्यातच बुडवून ठेवल्यासारखं होतं. आणखी एक चूक मी बऱ्याच ठिकाणी पाहिली आहे. हात धुण्याचा क्लोरहेक्सिडीन स्क्रब पाण्यात कालवून त्यात ट्यूब भिजवतात. स्क्रबमध्ये फेस करणारा साबण असतो, तो ट्यूबच्या आत राहतो आणि श्वासनलिकेत फेसाळतो. भिजवायला स्क्रब नको, साधं सोल्युशन हवं. २ टक्क्यांचं असेल तर २५ मिलिलिटर घेऊन पाण्याने एकूण १ लिटर करा, म्हणजे ०.०५ टक्के होतं. बाटलीवरची टक्केवारी दर वेळी वाचा, कारण ४ टक्क्यांच्या बाटल्याही मिळतात.

क्लोरहेक्सिडीन वाईट नाही. स्वच्छ धुतलेल्या ट्यूबवरचे नेहमीचे जिवाणू ते चांगले मारतं. पण त्याच्या मर्यादा पक्क्या माहीत हव्यात. पार्व्हो, कॅलिसी यांसारख्या आवरण नसलेल्या विषाणूंवर त्याचा भरवसा धरता येत नाही. क्षयाच्या जंतूंवर आणि बीजाणूंवर तर नाहीच. त्यामुळे मांजरी जास्त येणाऱ्या ठिकाणी मी ॲक्सिलरेटेड हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा पोटॅशियम पेरॉक्सिमोनोसल्फेटला पसंती देतो. दोन्हींचा विषाणूंवरचा आवाका मोठा आहे. किती पातळ करायचं आणि किती मिनिटं ठेवायचं हे लेबलवर दिलेलं असतं, तेच पाळायचं. जास्त ताकदीचं द्रावण केलं म्हणून जास्त जंतू मरतात असं होत नाही, वस्तू लवकर खराब होते आणि अंश जास्त राहतो. पेरॉक्सिमोनोसल्फेटमध्ये धातूच्या वस्तू लेबलपेक्षा जास्त वेळ विसरून ठेवल्या तर त्यांना गंज चढतो.

दोन रसायनांबद्दल मांजरींच्या बाबतीत मी आग्रही आहे. फिनॉलयुक्त जंतुनाशकं भुलीच्या साहित्याच्या आसपासही नकोत, कारण मांजरीचं यकृत फिनॉल नीट बाहेर टाकू शकत नाही. आणि बेंझालकोनियम क्लोराइड तोंडात गेलं तर मांजरीच्या जिभेवर व्रण येतात. त्याच्याबद्दल अजून एक धडा आहे. १९८१ साली एका पशुरुग्णालयातल्या सेराशिया जिवाणूच्या संसर्गाचा अहवाल प्रसिद्ध झाला होता, आणि संसर्गाचं मूळ निघालं होतं ते बेंझालकोनियम क्लोराइडचंच द्रावण. स्पंज-कापूस हे रसायन शोषून घेतात, द्रावण पातळ पडतं आणि त्यात तग धरणारे जिवाणू वाढत राहतात. आठवडाभर न बदललेल्या तुमच्या बादलीत याहून वेगळं काही घडत असेल असं मला वाटत नाही. द्रावण रोज सकाळी ताजं करा, आणि दिवसात गढूळ दिसलं तर मध्येही बदला. भांड्यावर तारीख, वेळ आणि कोणी केलं ते लिहा.

बुडवताना ट्यूब तिरकी धरून आतली हवा बाहेर जाऊ द्या. आत बुडबुडा अडकला की तेवढ्या भागाला द्रावण लागतच नाही, बाहेरून मात्र ट्यूब पूर्ण बुडालेली दिसते. वेळ घड्याळ लावून मोजा. मिनिटं भरली की ट्यूब बाहेर काढायची. रात्रभर भिजत ठेवल्याने ती जास्त शुद्ध होत नाही, प्लास्टिक मात्र रसायन पिऊन बसतं.

नंतरचं विसळणं मांजरीचा विचार करूनच करायला हवं. आतून-बाहेरून वाहत्या पिण्यायोग्य पाण्यात, किमान दोनदा, कफच्या घड्या बोटाने उघडून. नळाच्या पाण्याची खात्री नसेल तर शेवटचं विसळणं उकळून गार केलेल्या किंवा गाळलेल्या पाण्यात करा. स्यूडोमोनस हा जिवाणू बहुधा पाण्यातूनच येतो. आमच्याकडे सुरुवातीच्या काळात एका नवीन सहायकाने घाईत हे दुसरं विसळणं गाळलं होतं. दोन मांजरी आणि एक छोटं कुत्रं, तिघांनाही दुसऱ्या दिवसापर्यंत ढास लागली. त्या मुलाला कोणी कारण समजावूनच सांगितलं नव्हतं, आणि ते सांगण्याची जबाबदारी माझी होती. तेव्हापासून नवीन माणसाला मी आधी कारण सांगतो, मग कृती.

वाळवणं. ट्यूब उभी टांगा, टोक खाली. मांजरीच्या बारीक ट्यूबमध्ये पाण्याचा स्तंभ केशाकर्षणाने धरून राहतो, नुसत्या टांगण्याने तो उतरत नाही. आधी झटकून किंवा स्वच्छ, कोरड्या दाबाच्या हवेने तो बाहेर काढावा लागतो. तोंडाने फुंकून बघायची सवय कुणाला असेल तर ती आजच थांबवा, त्या ट्यूबसाठी आणि फुंकणाऱ्यासाठीही. टांगण्याची जागा धुण्याच्या सिंकपासून लांब हवी, नाहीतर स्वच्छ ट्यूबवर घाण ट्यूबचे शिंतोडे बसतात. पूर्ण कोरडी झाल्याशिवाय पिशवीत किंवा खणात ठेवायची नाही. ओलसर ट्यूब बंद पिशवीत ठेवली तर दोन दिवसांत आत काय वाढतं ते वासावरूनच कळतं. यूव्हीच्या पेट्यांबद्दल हल्ली बरेच जण विचारतात. तो प्रकाश जिथे थेट पडतो तिथेच काम करतो, ट्यूबच्या आत पोचत नाही. वाळलेल्या वस्तू ठेवायला ती पेटी चालेल, जंतुनाशनाचा पर्याय म्हणून नाही.

सिलिकॉनच्या ट्यूब ऑटोक्लेव्ह करता येतात, आणि जमेल तिथे मी तेच करतो, कारण वाफ मागे रसायन ठेवत नाही. निर्मात्याने सांगितलेलं तापमान पाळा, साधारणपणे १२१ अंश चालतं. कफ पूर्ण रिकामा करूनच आत ठेवा, राहिलेली हवा गरम होऊन फुगते आणि कफ फाटतो. पीव्हीसीच्या ट्यूब ऑटोक्लेव्हमध्ये वाकड्या होतात. लाल रबराच्या जुन्या ट्यूबबद्दल माझं मत स्पष्ट आहे, त्या काढून टाका. आरपार दिसत नाहीत, म्हणून आत काय चिकटलंय ते कळत नाही, आणि रबराला चिरा पडल्या की त्यात सगळं साठतं. इथिलीन ऑक्साइडने निर्जंतुक करून घेत असाल तर वायू पूर्ण निघून जाईपर्यंत थांबावं लागतं. यंत्रात ५० ते ६० अंशांना ८ ते १२ तास, नुसत्या खोलीत ठेवल्यास ७ दिवस. ‘काल करून आणली, आज वापरली’ असं केल्यास श्वासनलिका भाजते.

पीव्हीसीच्या बहुतेक ट्यूबच्या वेष्टनावर आकडा २ वर काट मारलेली खूण असते. म्हणजे निर्माता सांगतोय की ही एकदाच वापरायची. आपल्या व्यवसायात त्या पुन्हा वापरल्या जातात हे आपण सगळे जाणतो. पण मग ती सुरक्षित आहे का, याची जबाबदारी पूर्णपणे आपल्यावर येते. म्हणून दर वेळी वापरण्याआधी ट्यूब उजेडात धरून आरपार बघा, कनेक्टर घट्ट बसलाय का बघा, कफ फुगवून किमान १० मिनिटं तसाच ठेवा. पिवळी पडलेली, कडक झालेली, चिकट लागणारी, कफ एका बाजूला फुगणारी ट्यूब कचऱ्यात जाऊ दे. श्वसनसंसर्गाचा संशय असलेल्या जनावराची ट्यूबही तशीच टाका. ती धुण्यात वाचणारे पैसे पुढच्या जनावराच्या जिवाच्या मानाने काहीच नाहीत. अशा पेशंटला यादीत शेवटी घ्या, म्हणजे सर्किट आणि मशीन नीट धुवायला वेळ मिळतो.

लॅरिंगोस्कोपचं ब्लेड ट्यूबसारखंच धुवायचं. बल्ब असलेलं ब्लेड असेल तर धुतल्यावर बल्ब घट्ट आहे का ते तपासा, सैल बल्ब घशात पडू शकतो. दांडा विसरू नका. ब्लेड मिटल्यावर त्याचं ओलं टोक दांड्याला टेकतं, आणि दांड्याच्या खरबरीत पृष्ठभागात सगळं अडकतं. बॅटरी काढून तो पुसून, घासून स्वच्छ करा. ट्यूब बांधायच्या पट्ट्या दर पेशंटला नव्या. कफ फुगवायची सिरिंज, वंगणाची जेलीची ट्यूब आणि मांजरीचा घसा बधिर करायला मारायच्या लिग्नोकेनच्या स्प्रेचं नोझल, या तीन गोष्टी दिवसभर ओल्या हातांतून फिरतात. जेली थेट ट्यूबवर पिळू नका, आधी स्वच्छ गॉझवर काढा.

मास्कचा रबरी पडदा काढून वेगळा धुवा, त्याच्या खोबणीत केस आणि लाळ बसते. इंडक्शनच्या पेटीत (छोट्या जनावराला आत ठेवून भूल चढवायची पेटी) लघवी-विष्ठा होते, ती आधी धुऊन काढा, मग जंतुनाशक. पेटी ॲक्रिलिकची असेल तर अल्कोहोल लावू नका, बारीक तडे जातात आणि ते पुन्हा साफ होत नाहीत. घोड्यांना भूल देत असाल तर त्यांच्या लांब ट्यूबसाठी वेगळा खोल टब आणि लांब दांड्याचा ब्रश लागेल. स्ट्रॅंगल्स या घोड्यांच्या श्वसनरोगाचा जिवाणू अशा साहित्यावरून एका घोड्यातून दुसऱ्यात जाऊ शकतो.

सर्किटच्या बाबतीत मी ट्यूबइतका कडक नाही. रोज दिवसअखेर नळ्या, वाय-पीस (दोन नळ्या जोडणारा Y आकाराचा तुकडा) आणि श्वासाची बॅग धुतो, दोन पेशंटच्या मध्ये पेशंटकडचं टोक पुसतो, आणि खोकणारं जनावर येऊन गेलं की लगेच सगळं काढून धुतो. हे माझं व्यवहारातून ठरवलेलं प्रमाण आहे. दर पेशंटला धुतलेलं सर्किट देता आलं तर उत्तमच. नळ्या उभ्या टांगा, बॅग तोंड खाली करून, आत काहीतरी आधार घालून, म्हणजे भिंती एकमेकींना चिकटत नाहीत. बेनसारख्या सर्किटमध्ये नळीच्या आत नळी असते. धुताना ओढाताण झाली आणि आतली नळी सुटली तर जनावर आपलाच कार्बन डायऑक्साइड पुन्हा ओढत राहतं. म्हणून असं सर्किट धुतल्यावर आतली नळी तपासल्याशिवाय मशीनला लावू नका. सर्कल मशीनच्या (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड काढून तोच वायू फिरवणारं मशीन) एकदिशा झडपांच्या चकत्या काढून पुसा आणि पूर्ण कोरड्या करून बसवा. ओली चकती चिकटून बसते, परिणाम तोच. सगळं जोडल्यावर टोक बंद करून ३० सेंटिमीटर पाण्याइतका दाब द्या आणि तो टिकतोय का बघा. बऱ्याच गळत्या स्वच्छतेनंतरच्या चुकीच्या जोडणीतून येतात.

व्हेपोरायझर, म्हणजे भुलीच्या द्रवाची वाफ करणारं उपकरण, फक्त बाहेरून पुसायचं. ऑक्सिजनच्या जोडण्यांना तेल, व्हॅसलिन, कसलंही स्निग्ध लावायचं नाही, आग लागते. सोडा लाइम जंतू मारतं या समजुतीवर विसंबू नका, ते कार्बन डायऑक्साइड शोषण्यासाठी आहे. त्याचा डबा रिकामा करताना हातमोजे घाला, ती धूळ दाहक असते. कॅप्नोग्राफची (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र) सॅम्पलिंग लाइन, म्हणजे वायूचा नमुना नेणारी बारीक नळी, धुवायच्या भानगडीत पडू नका, बदला.

आता त्या तीन मांजरी. त्यांच्यासाठी वापरलेली ट्यूब ओळखता आली तर बाजूला काढा, कनेक्टर उपसून आणि कफच्या कडा उघडून बघा. कफ किती फुगवला होता, कोणी फुगवला, हे विचारा. मांजरीत जास्त फुगवलेल्या कफने श्वासनलिका फाटू शकते, आणि ती शक्यता रसायनाइतकीच गंभीर आहे. खोकला वाढत असेल, मानेच्या कातडीखाली हवा कुरकुरल्यासारखी लागत असेल, तर छातीचा आणि मानेचा एक्स-रे आजच काढा. खोकला हळूहळू ओसरत असेल तर बादली रिकामी करा, एन्झाइम डिटर्जंट आणि तीन मापांचे ब्रश आणा, आणि भिंतीवर ट्यूब टांगायला एक जाळी लावा.